मुलीला विचारिलें काय?

शास्त्रपाठ : उत्पत्ति २४:५७, ५८, २९:१५-२०, ३१:१४-१६, गणना ३६:६

गेल्या वैशाखांत आम्ही एका खेड्यांतील मंडळीच्या भेटीस गेलों असतां तेथील एका वृद्ध बंधूनें आम्हांस बाजूला बोलावून एक प्रश्न केला. त्याची धाकटी बहीण पलीकडच्या तालुक्यांत दिलेली. भावाची मुलगी पाळण्यांत होती तेव्हांच "ही माझ्या घरची" असें म्हणून बहिणीनें तिच्या पायांत चांदीचे वाळे घातले होते, आणि भावानेंहि हंसून मान डोलाविली होती. ती मुलगी आतां तेवीस वर्षांची असून परिचारिकेचें शिक्षण पुरें करून शहरांतील एका रुग्णालयांत नोकरीस आहे. बहिणीचा मुलगा सालस, शेतीवाडी पाहणारा, उपासना न चुकविणारा. बहीण साडीचोळी व नारळ घेऊन भावाच्या दारीं आली. मुलगी आत्याच्या पायां पडली आणि नम्रपणें, पण स्पष्ट शब्दांत, नाहीं म्हणाली. त्या दिवसापासून बहीण माहेरीं आली नाहीं. पुढें दोन्ही घरें एका उपासनेस एकत्र आलीं, तेव्हां प्रभुभोजनाच्या वेळीं ती भावाच्या रांगेंतून उठून दुसऱ्या रांगेंत जाऊन बसली.

"शास्त्र काय म्हणतें तेवढें सांगा," तो बंधु म्हणाला. "मामाच्या मुलीवर भाच्याचा हक्क आहे कीं नाहीं? बहीण म्हणते, याकोबानें केलें तेंच आम्ही मागतों. मग आमचें काय चुकलें?"

हा प्रश्न त्या एका घरचा नव्हे. आमच्या पुष्कळ मंडळ्यांत तो दर लग्नसराईंत उठतो, आणि पाळकाला दोन्हीकडून बोल खावे लागतात. म्हणून ह्या आठवड्यांत आम्ही तोच विषय वाचकांपुढें ठेवितों.

बहिणीचें म्हणणें जितकें खरें आहे तितकें प्रथम कबूल केलें पाहिजे. लाबान हा रिबकेचा भाऊ, म्हणजे याकोबाचा मामा. लेआ व राहेल ह्या त्याच्या मामेबहिणी. घरांतून निघालेला भाचा, विहिरीवर मामाच्या मेंढरांना पाणी पाजणें, मामानें धांवत येऊन गळ्यांत पडणें, ही कथा आमच्या खेड्यांतील श्रोत्यांस मुळींच परकी वाटत नाहीं. जेथें परदेशच्या वाचकाला टीपेची गरज लागते तेथें आमच्या बाया नुसत्या मान डोलावितात. इसहाकाची गोष्टहि तशीच. बथुवेल हा त्याचा चुलतभाऊ, आणि रिबका ही त्या बथुवेलाची मुलगी. आमच्या भाषेंत ती इसहाकाची चुलत पुतणी झाली. एसावानें इश्माएल चुलत्याची मुलगी केली. आणि लेवीय १८ व्या अध्यायांत मोशेनें निषिद्ध नात्यांची जी मोठी यादी दिली आहे तींत आई, बहीण, नात, आत्या, मावशी, चुलती, सून, भावजय इतकीं नांवें आलीं असतां मामेबहीण किंवा चुलतबहीण यांचें नांव कोठेंच नाहीं. तेव्हां मामाच्या मुलीशीं लग्न करणें हें शास्त्राप्रमाणें पाप आहे असें जर कोणी उपदेशक व्यासपीठावरून सांगत असेल, तर तो शास्त्रांत नसलेलें सांगत आहे.

परंतु शास्त्रांत एखादी गोष्ट घडल्याचें लिहिलें आहे एवढ्यावरून ती करावी अशी आज्ञा होत नाहीं. याकोबानें दोन सख्ख्या बहिणी एकदम नांदविल्या. पुढें नियमशास्त्रानें नेमकी तीच गोष्ट मना केली. सारा ही आपल्या बापाची मुलगी, पण आईची नव्हे, असें अब्राहामानें स्वतः कबूल केलें आहे. तसलें लग्नहि पुढें निषिद्ध झालें. मोशेचा बाप अम्राम यानें तर आपल्या आत्येशीं लग्न केलें होतें, आणि ज्या नियमशास्त्रानें आत्या वर्ज्य ठरविली तें त्याच्याच मुलाच्या हातून आलें! कुलपित्यांच्या घरांतील चाली म्हणजे देवाची कायमची आज्ञा असती, तर मोशेला आपल्या आईबापांची चाल बंद करण्याचें कारण पडलें नसतें.

आतां जगांत इतर लोक काय करितात तेंहि पाहूं. जी चाल आपण लहानपणापासून पाहिली तीच निसर्गाची आज्ञा असें प्रत्येकाला वाटत असतें. अरब लोकांत चुलत्याची मुलगी ही पहिली वधू समजली जाते. कित्येक जमातींत चुलतभावानें आपला हक्क सोडल्याशिवाय तिला बाहेर देतां येत नसे. हें वाक्य वाचतांना आमच्या वाचकांच्या अंगावर कांटा येईल, कारण आमच्याकडे चुलतबहीण ही सख्ख्या बहिणीसारखी. तिच्याशीं लग्नाची गोष्ट तोंडांतून काढणें हेंहि पाप. पण त्याच वाचकांना मामेबहिणीचें कांहींच वाटत नाहीं. वास्तविक रक्ताचा हिशेब केला तर दोघी सारख्याच जवळच्या आहेत. उलट हरियाणा किंवा पश्चिम उत्तर प्रदेश येथील शेतकऱ्याला आमची मामेबहिणीची चाल सांगितली तर तो कानांवर हात ठेवील. त्याच्याकडे बापाचें गोत्र वर्ज्य, आईचें वर्ज्य, इतकेंच नव्हे तर बहुधा सारा गांवच वर्ज्य. चीन देशांत एकाच आडनांवाच्या स्त्रीपुरुषांचें लग्न शतकानुशतकें निषिद्ध मानलें जाई, मग त्यांचा संबंध कितीहि दूरचा असो. पण आडनांव निराळें म्हणून मामेबहीण व मावसबहीण चालत असे. त्या देशानें १९८० सालच्या विवाह कायद्यानें अशीं सर्व भावंडांचीं लग्नें बंद केलीं. आणि आमच्या दक्षिणेस, कर्नाटक, आंध्र, तमिळनाडु येथें, कित्येक जातींत मामा स्वतःच भाचीशीं लग्न लावितो. त्याची झळ आमच्या सोलापूर-सांगलीच्या सीमेवरील गांवांनाहि लागलेली आहे.

महाराष्ट्र ह्या दोहोंच्या मध्यें बसला आहे. इरावती कर्वे यांनीं १९५३ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या नातेसंबंधांवरील इंग्रजी ग्रंथांत हें फार चांगलें उलगडून दाखविलें आहे. उत्तरेचा निषेध आणि दक्षिणेची मोकळीक यांची येथें गांठ पडते; म्हणून आम्ही मामाची मुलगी करितों, पण पुष्कळ घरांत आत्याची मुलगी करीत नाहीं. वेल ज्या घरांतून गेला त्या घरांत तो परत फिरूं नये असें जुनीं माणसें म्हणत. बौधायनाच्या धर्मसूत्रांतहि मामेबहिणीशीं लग्न ही दक्षिणेकडील लोकांची खास चाल म्हणून नोंदली आहे. आणि सुभद्रा ही अर्जुनाच्या मामाचीच मुलगी होती हें आमच्या वाचकांस ठाऊक आहेच. तेव्हां आमच्या पूर्वजांनीं ख्रिस्ती झाल्यावर ही चाल याकोबापासून घेतली, असें कोणी समजूं नये. ती घरांत आधींच होती. याकोब मागाहून सांपडला.

ख्रिस्ती देशांत तरी ह्या बाबतींत एकमत आहे काय? मुळींच नाहीं. चौथ्या शतकाच्या अखेरीस रोमी बादशहा थिओडोसियस यानें भावंडांचीं लग्नें बंद केलीं. पश्चिमेकडील मंडळीनें तर निषेध वाढवीत वाढवीत सातव्या पायरीपर्यंत नेला, आणि मग कोणाचें लग्न कायदेशीर आहे हें कोणालाच सांगतां येईना. शेवटीं १२१५ सालीं लॅटरन येथील परिषदेनें तो चौथ्या पायरीवर आणला. धर्मसुधारणा झाल्यावर इंग्लंडांत १५४० सालीं आठव्या हेन्रीनें कायदा केला कीं, देवाच्या नियमशास्त्रानें जें मना केलें नाहीं तें मनुष्यानें मना करूं नये. (राजाच्या मनांत केवळ शास्त्राचा आदर होता असें मात्र नाहीं, पूर्वी मारविलेल्या राणीच्या भावंडांपैकीं एकीशीं त्याला त्याच वर्षीं लग्न करावयाचें होतें.) पुढें १५६३ सालीं आर्चबिशप पार्कर यांनीं जो निषिद्ध नात्यांचा तक्ता केला त्यांत भावंडें नाहींत. म्हणून १८४० सालीं व्हिक्टोरिया राणीनें आपल्या मामाचा मुलगा आल्बर्ट याच्याशीं उघडपणें लग्न केलें. परंतु अमेरिकेंत त्यानंतर अवघ्या अठरा वर्षांनीं, १८५८ सालीं, कॅन्सस येथें अशीं लग्नें कायद्यानें बंद झालीं, आणि आज तेथील सुमारें निम्म्या राज्यांत तीं बंद आहेत. एकच शास्त्र वाचणारे, एकच प्रार्थना म्हणणारे, आणि निर्णय असे भिन्न! आमच्या देशांतहि १९५४ सालचा विशेष विवाह कायदा हीं नातीं वर्ज्य मानतो, पण रूढि असेल तर १९६३ च्या दुरुस्तीनें तिला वाट ठेवितो.

ह्या सर्वांतून आम्ही एवढेंच काढितों कीं, ह्या प्रश्नाचा निकाल नात्याच्या तक्त्यानें लागत नाहीं. तो दुसरीकडे शोधला पाहिजे.

प्रथम देहाची गोष्ट बोलूं; ती लपविण्यांत धर्म नाहीं. देवानें मनुष्याच्या देहाची घडण अशी केली आहे कीं, बहुतेक प्रत्येक गुणाचें बीज जोडीनें येतें, एक आईकडून व एक बापाकडून. ह्या बीजांस हल्लीं जनुकें म्हणतात. एक बीज सदोष असलें व दुसरें चांगलें असलें तर पुष्कळ वेळां मनुष्य ठणठणीत राहतो, आणि आपल्यांत दोष आहे हें त्याला मरेपर्यंत कळत नाहीं. पण एकाच आजोबाकडून तें बीज मुलाकडे आणि मुलीकडे, व त्यांच्याकडून नातवाकडे आणि नातीकडे उतरलें, आणि त्या दोघांचें लग्न झालें, तर त्यांच्या प्रत्येक लेकरांत दोन्ही बीजें सदोष येण्याचा संभव चारांत एक असतो. बहिरेपणाचे कांहीं प्रकार, थॅलॅसिमिया, सिकलसेल हे ह्याच वाटेनें येतात. इंग्लंडांतील ब्रॅडफर्ड शहरीं अकरा हजारांहून अधिक बालकांची पाहणी झाली व तिचा निष्कर्ष २०१३ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत असें आढळलें कीं, जन्मतः व्यंग असण्याचें प्रमाण साधारणतः शंभरांत तीन असतें, तें भावंडांच्या लग्नांत शंभरांत सहा होतें.

हा आंकडा दोन्ही बाजूंनीं वाचावा. धोका दुप्पट होतो हें खरें; आणि शंभरांतील चौऱ्याण्णव लेकरें निकोप जन्मतात हेंहि खरें. ज्या घरांत पिढ्यान्पिढ्या आंतल्याआंत लग्नें झालीं तेथें धोका वाढत जातो, हें मात्र विसरूं नये. डार्विन नांवाचा प्रसिद्ध निसर्गशास्त्रज्ञ होऊन गेला. त्यानें १८३९ सालीं आपल्या मामाची मुलगी एमा हिच्याशीं लग्न केलें. त्यांस दहा लेकरें झालीं, त्यांतील तीन लहानपणींच गेलीं. अ‍ॅनी नांवाची लाडकी मुलगी १८५१ सालीं दहाव्या वर्षीं वारली. आपल्या लग्नामुळें तर हें झालें नाहीं ना, ही शंका त्या बापाला पुष्कळ वर्षें जाचत होती. १८७१ सालच्या खानेसुमारींत भावंडांच्या लग्नांविषयीं प्रश्न घालावा म्हणून त्यानें खटपट केली, पण पार्लमेंटानें ती मानली नाहीं. पुढें त्याच्याच मुलानें, जॉर्जनें, १८७५ सालीं शोध करून भीति वाटते तितका धोका दिसत नाहीं असें लिहिलें. आम्हांस त्या शोधापेक्षां त्या बापाची ती शंका अधिक जवळची वाटते, कारण तीच शंका घेऊन बसलेलीं आईबापें आमच्या मंडळ्यांत आहेत. त्यांचें लेकरूं बोलत नाहीं, किंवा चालत नाहीं, आणि शेजारी येऊन म्हणतात, "घरांतल्या घरांत केलें, भोगा आतां!" असल्या शेजाऱ्यांनीं योहानाच्या नवव्या अध्यायाचा आरंभ वाचावा. जन्मांध मनुष्याला पाहून शिष्यांनीं हाच प्रश्न केला होता, पाप कोणाचें, ह्याचें कीं ह्याच्या आईबापांचें. आणि प्रभूनें दोघांसहि निर्दोष ठरवून त्या मनुष्याच्या डोळ्यांकडे लक्ष दिलें. ज्यांचें लग्न होऊन गेलें त्यांस बोल लावूं नये. ज्यांचें व्हावयाचें आहे त्यांनीं आधीं रक्त तपासून घ्यावें, आणि घराण्यांत असें एखादें लेकरूं असल्यास डॉक्टराला न लाजतां सांगावें.

आतां हक्काची गोष्ट. आमच्या मतें खरें मर्म येथेंच आहे.

ह्या चालीचे गुण आम्ही नाकारीत नाहीं. मुलगी परक्यांत पडत नाहीं. सासू म्हणजे तिची आत्याच, जिच्या मांडीवर ती खेळली. हुंड्याचा बाजार मांडावा लागत नाहीं. जमिनीचे तुकडे होत नाहींत. बहिणीला माहेर तुटल्यासारखें वाटत नाहीं. ज्या विधवा बहिणीचा एकच मुलगा आहे तिनें भावाच्या मुलीकडे आशेनें पाहावें ह्यांत लोभच असतो असें नव्हे. कित्येकदां ती केवळ म्हातारपणाची भीति असते.

पण लाबानाच्या घराकडे पुन्हां एकदां पाहा. राहेल तुला देईन काय, असें याकोबानें विचारलें तेव्हां मामानें काय उत्तर केलें? परक्याला देण्यापेक्षां तुला दिलेली बरी, अशा अर्थाचें. हें वाक्य आमच्या ओट्या-ओट्यांवर अजून ऐकूं येतें. त्या प्रेमळ वाक्यानंतर त्याच मामानें भाच्याकडून चौदा वर्षें राबवून घेतलें आणि लग्नाच्या रात्रीं मुलगी बदलली! लेआला कोणी विचारलें होतें? तिच्या तोंडचा एक शब्दहि त्या रात्रीचा लिहिलेला नाहीं. मग पुष्कळ वर्षांनीं, एकतिसाव्या अध्यायांत, त्या दोघी बहिणी एका सुरानें बोलतात. आणि काय बोलतात? बापानें आम्हांस परक्या मोजलें, आम्हांस विकलें, आणि आमच्या मोलाचा पैसाहि खाऊन टाकिला. परक्याला देऊं नये म्हणून ज्याला दिल्या, तेथें त्या परक्याच झाल्या. नात्यांत दिली म्हणून मुलगी सुखी, असें समजणाऱ्या बापांनीं तीं वचनें उघडून वाचावीं.

आणखी एक गोष्ट आम्हीं पाहिली आहे, तीहि सांगतों. परक्या घरीं दिलेल्या मुलीला सासरीं जाच झाला तर ती माहेरीं येऊन रडते. पण जिचें माहेर व सासर एकच रक्त झालें, तिनें कोठें जावें? सासूविरुद्ध बोलावें तर ती बापाची बहीण. नवऱ्याविषयीं सांगावें तर तो आईचा लाडका भाचा. घरचें घरांत राहूं दे, असें सांगून तिला परत पाठवितात. पांचव्या शतकाच्या आरंभीं ऑगस्टिन नांवाच्या पुढाऱ्यानें आपल्या प्रसिद्ध ग्रंथांत ह्याच दिशेनें विचार केला होता. बाप एक असावा आणि सासरा दुसरा असावा, म्हणजे प्रीतीचीं नातीं अधिक माणसांत पसरतात. एकाच मनुष्यावर दोन नातीं लादलीं तर प्रीतीचा पसारा आंखडतो, असें त्याचें म्हणणें. कायद्यानें मोकळीक होती तेव्हांहि लोक अशीं लग्नें सहसा करीत नसत, असेंहि तो लिहितो. त्याचें हें म्हणणें आम्हांस कायद्यापेक्षां मोठें वाटतें, कारण तें निषेधापासून निघालेलें नसून प्रीतीपासून निघालेलें आहे.

मग शास्त्र ह्या बाबतींत काय सांगतें? दोन स्थळें पाहा. अब्राहामाचा दास रिबकेला मागावयास आला, तेव्हां भावानें व बापानें होकार दिला होता, दागिने देऊन झाले होते, जेवणहि झालें होतें. आमच्याकडे एवढें झाल्यावर अक्षता टाकावयाच्याच उरतात. पण सकाळीं निघण्याची वेळ आली तेव्हां घरच्यांनीं मुलीला बोलावून, तूं ह्या मनुष्याबरोबर जातेस काय, असें विचारलें. आणि जाईन हा शब्द तिच्या तोंडून आल्यावर मग उंट हालले. दुसरें स्थळ सलाफहादाच्या पांच मुलींचें. त्यांना बापाची जमीन मिळाली होती आणि ती वंशाबाहेर जाऊं नये अशी अट पडली. येथें तर जमिनीचा प्रश्न होता, वंशाचा प्रश्न होता. तरीहि परमेश्वरानें मोशेच्या द्वारें सांगितलें कीं, त्यांना जो बरा वाटेल त्याच्याशीं त्यांनीं लग्न करावें, मात्र तो बापाच्या वंशांतला असावा. पुढें त्यांनीं आपल्या चुलतभावांशींच लग्नें केलीं. निवड अरुंद होती, पण निवडणाऱ्या त्या होत्या. म्हणून ज्या मुलीनें आपल्या मनानें आतेभाऊ पसंत केला, वय पुरें केलें, डॉक्टराचा सल्ला घेतला, तिच्या आड आम्ही येणार नाहीं. आणि जिनें नाहीं म्हटलें तिच्यावर पाळण्यांतल्या वाळ्यांचा बोजा घालणाऱ्याच्या बाजूसहि आम्ही उभे राहणार नाहीं. त्या वेळीं वाळे घालणाऱ्या आत्यानें विचारलें होतें, हंसणाऱ्या बापानें उत्तर दिलें होतें; ज्या लेकराच्या पायांत ते घातले तें झोंपलें होतें.

हें सर्व आम्हीं त्या बंधूस त्याच्या ओट्यावर बसून सांगितलें, अर्थात् इतकें लांबवून नव्हे. त्यानें बराच वेळ कांहीं उत्तर केलें नाहीं. मग तो म्हणाला, "चूक मुलीची नाहीं. मान मीं डोलाविली होती." आम्हीं त्यास सुचविलें कीं, तर मग मुलीच्या नकाराचा निरोप दुसऱ्याच्या तोंडीं न धाडतां त्यानें स्वतः बहिणीच्या घरीं जावें, आणि त्या मान डोलाविण्याबद्दल क्षमा मागावी, वेदीपाशीं दान ठेवून आधीं भावाशीं समेट करण्याची जी आज्ञा आहे तींत बहीणहि येतेच.

श्रावणांत त्याचें पत्र आलें. तो गेला होता. बहीण आंतल्या घरांतून बाहेर आली नाहीं, पण तिनें पाणी पाठविलें, आणि तें घेऊन तिचा मुलगाच आला. जेवणाचें कोणी विचारलें नाहीं. परत निघतांना पाऊस लागला, तेव्हां तो भाचा छत्री घेऊन मामाला एस. टी.च्या थांब्यापर्यंत पोंचवावयास आला, आणि गाडी येईपर्यंत जवळ उभा राहिला. वाटेंत त्यानें मामेबहिणीची चौकशी केली, ती रुग्णालयांत कोणत्या विभागांत आहे, रात्रपाळी फार पडते काय. मग थोडा थांबून म्हणाला, "मामा, मलाहि कोणीं विचारलें नव्हतें."